वाटीभर खळ

जरा पुढे सरकून बसा. हं, अजून थोडं. माझा गळा लांबवर पोचणारा नाही, आणि ही गोष्टही मोठ्या आवाजात सांगण्याजोगी नाही. दोन बहिणी, एक कुत्री आणि त्या कुत्रीच्या ऑपरेशनची तारीख, एवढाच ऐवज आहे. पण मत्सर हा असा पाहुणा आहे की त्याला टेकायला इतकीशी जागाही पुरते. ऐका तर.

थोरलीने शिवायला घेतलेल्या पुस्तकाच्या फर्म्याच्या, म्हणजे छापील पानांच्या घडीतून सुई बाहेर काढली, दोरा ओढून घट्ट केला आणि मान वर न करता विचारलं,

"कधीची तारीख दिली?"

धाकटी दारात उभी होती. हातात दवाखान्याची चिठ्ठी, पायाशी ती कुत्री, सुतळी. सुतळीची शेपटी चौकटीवर थाप थाप आपटत होती.

"शुक्रवारची. सकाळी नऊला. माज संपून तीन महिने झाले, आता हीच वेळ बरोबर आहे म्हणाले. आणखी लांबवलं तर पुढचा माज येऊन ठेपेल. आदल्या रात्री आठनंतर खायला काही द्यायचं नाही. पाणी चालेल."

"आणि मला विचारावं असं कोणाला वाटलं नाही."

"विचारतेय ना आता."

"तारीख घेऊन आल्यावर जे करतात त्याला विचारणं म्हणत नाहीत, छोटे. कळवणं म्हणतात."

धाकटी आत येऊन कागदांच्या गठ्ठ्यावर बसली. थोरलीला कोणी गठ्ठ्यावर बसलेलं खपत नसे. तिने एकदा त्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि पुढचा फर्मा उचलला.

"गेल्या वेळी तू म्हणालीस, अजून लहान आहे. तेवढ्यात ती माजावर आली. पंधरा दिवस फाटकाशी कुत्र्यांची रांग. टपालवाला घरी यायचा बंद झाला होता, आठवतंय?"

"एकदा पिल्लं होऊ देत, मग करू."

"डॉक्टर म्हणतात, त्याची काही गरज नसते. उलट आधी केलेलं बरं. पुढे गाठी होत नाहीत, गर्भाशयात पू होत नाही."

"डॉक्टर म्हणतात. कुत्रीला कोणी विचारलंय?"

"सात पिल्लं झाली तर ठेवशील कुठे? ह्या पुठ्ठ्यांवर?"

"सहा देऊन टाकू."

"आणि सातवं?"

थोरलीने दोरा दातांनी तोडला. तिच्या शेजारी कात्री होती.

सुतळी त्या घरात आली ती थोरलीमुळे. वर्षभरापूर्वी कटाईच्या कागदांचं पोतं रिकामं करताना तळाशी काहीतरी हललं. दोन महिन्यांचं पिल्लू, अंगाने इतकं बारीक की थोरली पटकन म्हणून गेली, "ही तर नुसती सुतळी आहे." तेच नाव पडलं. घराच्या पुढच्या खोलीत थोरलीचं पुस्तकबांधणीचं काम चाले: दोन दाबयंत्रं, एक कापायचं पातं, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, आणि सगळ्याला मैद्याच्या खळीचा आंबूस वास. रोज सकाळी ती चुलीवर खळ शिजवी. खळ टिकावी म्हणून बांधणीवाले तिच्यात मोरचूद घालतात, आणि मोरचूद म्हणजे विष. म्हणून थोरली मोरचूद घालण्याआधी एक वाटी बाजूला काढून निवायला ठेवी. ती वाटी सुतळीची. कुत्रीही अशी वेळेची पक्की, की उलथणं भांड्याला खरवडल्याचा आवाज आला की चुलीपाशी येऊन बसे आणि एकही शब्द न बोलता जगातलं सगळं बोलून टाकी.

मग धाकटी आली. सात वर्षांचा संसार आटोपता घेऊन, दोन बॅगा आणि एक छत्री घेऊन. थोरलीनेच तिची खोली झाडून दिली, उशीला नवा अभ्रा घातला. धाकटीला चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून "आता कसं दिसतंय, आता कसं दिसतंय," असं दिवसभर विचारायचं. पहिले काही आठवडे ती घरी येऊन फारशी बोलत नसे. एका संध्याकाळी सुतळी उठली, तिच्या खोलीत गेली आणि पलंगावर चढून तिच्या पोटऱ्यांना पाठ लावून झोपली. थोरली पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तो तिने दाराशीच ठेवला आणि परत फिरली.

तेव्हापासून सुतळीची सकाळ उशिरा व्हायला लागली. उलथणं खरवडलं तरी कोणी येत नसे. थोरली रोज वाटी काढी. खळ निवे, वर साय धरी, सायीला भेगा पडत. दुपारी ती वाटी कुंडीत खरवडून टाकी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढी. संध्याकाळी धाकटीची पावलं गल्लीच्या तोंडाशी असतानाच सुतळी उठून उभी राही. थोरलीला ती पावलं बराच वेळ ऐकू येत नसत. तिला फक्त कुत्रीचे उभारलेले कान दिसत, आणि तेवढ्याने तिची शिवण सैल पडे.

वाचनालयातला ग्रंथपाल एकदा फाटकी पुस्तकं घेऊन आला होता. तो हसत म्हणाला,

"काय हो, कुत्री तीच आहे, मालकीण बदललेली दिसते."

थोरलीही हसली. त्याची पुस्तकं मात्र आठवडाभर उशिरा झाली.

दुपारी काम करताना ती आताशा दार लावून घेऊ लागली होती. धाकटीने विचारलं तेव्हा म्हणाली, वाऱ्याने कागद उडतात. वारा त्या खोलीत आधीही होता. देवाने माणसाला दोनच हात दिले, तरी कवेत मावेल त्याहून जास्त आपलं म्हणायची त्याची खोड काही जात नाही.

आणि त्या बंद दारामागे, फर्मे शिवता शिवता, थोरलीने एक पिल्लू वाढवायला घेतलं होतं. सुतळीच्या पोटचं, पण जन्मल्या दिवसापासून हिच्या मांडीवरचं. त्याला पलीकडच्या खोलीचा उंबरा माहीतच नसेल. कोणी हाक मारली तर ते आधी हिच्या तोंडाकडे बघेल. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्याजोगं नाही, हे तिलाही कळत होतं. शुक्रवारचं ऑपरेशन झालं की ते पिल्लू कधीच जन्मणार नव्हतं.

गुरुवारी आठ वाजता धाकटीने सुतळीचं ताट उचलून फळीवर ठेवलं. थोरली बघत होती.

शुक्रवारी सकाळी खळ शिजत आली. धाकटी न्हाणीत होती, पाण्याचा आवाज येत होता. थोरलीने सवयीने वाटी काढली, मोरचूद घातला, उलथण्याने भांड्याचा तळ खरवडला. आणि मागे नखांचा टकटक आवाज आला.

सुतळी येऊन चुलीपाशी बसली. अगदी जुन्या जागी. डोकं जरासं कललेलं, डोळे वर.

"आज बरी आठवण झाली," थोरली म्हणाली.

कुत्रीने जिभेने नाक पुसलं.

"तिने ताट उचललं म्हणून आलीस ना? कळतं मला."

सुतळीने पुढचा पाय उचलून तिच्या गुडघ्यावर ठेवला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. थोरलीने वाटीला बोट लावून पाहिलं; निवली होती. खळ म्हणजे काही जेवण नव्हे, ती मनाशी म्हणाली. चमचाभर पीठ आणि बाकी पाणी. तिला माहीत नव्हतं असं मात्र कोणी म्हणू नका. माहीत होतं. वाटी खाली टेकवताना तिने न्हाणीच्या दाराकडे पाहिलं, तिथेच ते कळत होतं.

सुतळीने वाटी लख्ख केली. थोरलीने ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं, मिशांना लागलेलं पांढरं पुसलं, वाटी विसळून पालथी घातली. पाण्याचा आवाज थांबला तेव्हा ती कापड मोजत बसली होती.

दवाखान्यात फिनेलचा वास होता आणि लांब बाक होतं. एका टोपलीत मांजर आपली तक्रार एकाच सुरात सांगत होतं. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी सुतळीच्या हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावली आणि चिठ्ठी जिच्या हातात होती तिला विचारलं,

"रात्रीपासून पोटात काही?"

"आठनंतर एक घासही नाही, डॉक्टर. माझ्या डोळ्यांसमोर झोपली."

"छान. तयारी करून घ्या," असं आतल्या बाजूला सांगून डॉक्टर हात धुवायला गेले.

थोरलीने सुतळीचा पट्टा मनगटाला एक वेढा जास्त घेतला.

मदतनीस बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला, हातात केस काढायचं यंत्र. त्यांनी सुतळीला टेबलावर घेतलं, पुढच्या पायावरचे केस चार बोटं रुंद काढले. खाली गुलाबी कातडी दिसली. धाकटीने तोंड फिरवलं.

"भुलीची काही भीती नाही ना?"

"पोट रिकामं असलं की नाही," बाई पायावर कापूस फिरवत म्हणाल्या. "भरलेलं असलं तर उलटी होते, ती श्वासात जाते. मग आमच्या हातात काही राहत नाही. म्हणून तर उपाशी आणायला सांगतो."

थोरलीच्या मनगटावरचा वेढा कातडीत रुतत होता. तिला वाटलं, आता काहीतरी होऊन हे आपोआप थांबावं. वीज जावी. डॉक्टरांना बोलावणं यावं. भिंतीवरचं घड्याळ आपलं काम करत होतं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अर्ज पुढे ओढला.

"नाव, सुतळी. हे काय नाव? बरं. वय, चौदा महिने. आता मला एक सांगा. टाके सुटेपर्यंत दहा दिवस हिला उड्या मारू द्यायच्या नाहीत, जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा कोन घालून ठेवायचा, जखम रोज बघायची. हिला जास्त लळा कोणाचा? ज्याचा लळा, त्याचंच ऐकतात ही."

थोरलीने धाकटीकडे बघितलंच नाही. उत्तर तिला पाठ होतं.

"ताईचा," धाकटी म्हणाली.

थोरलीने मान वर केली.

"झोपते माझ्याकडे," धाकटी बाईंना सांगत होती, जसं दुकानात एखाद्याला त्याचा नंबर सांगावा तसं. "पण सुट्टीच्या दिवशी दुपारी मी घरी असते ना, तेव्हा बघते. ताईने दार लावलं की ही दाराच्या फटीला नाक लावून बसते. दोन दोन तास. मी हाक मारते, बिस्कीट दाखवते. ढुंकून बघत नाही. मला तर राग येतो कधी कधी."

शेवटचं वाक्य म्हणताना ती थोडी हसली, पण ते हसू नीट जमलं नाही.

"असं का," बाई म्हणाल्या. त्यांनी लेखणी थांबवली आणि खुर्ची फिरवून थोरलीकडे तोंड केलं. "मग तुम्हालाच विचारते. सकाळपासून हिच्या पोटात काही गेलंय?"

मांजर मध्येच गप्प झालं.

"खळ," थोरली म्हणाली.

"काय?"

"मैद्याची खळ. पुस्तकं चिकटवतो ती."

बाईंनी लेखणी बाजूला ठेवली. "त्यात काही विषारी घालता का?"

"मोरचूद असतो. पण तिची वाटी आधी काढते मी."

"भांडं चाटलं असेल हिने," धाकटी घाईने म्हणाली. "ताई कामात असते, लक्ष नसतं तिचं. थेंबभर लागलं असेल..."

बहिणीने दार उघडून दिलं होतं. थोरलीला नुसतं हो म्हणायचं होतं.

"चाटलं नाही. मी दिली. वाटीभर. तू न्हाणीत होतीस."

"कशाला पण, ताई?"

थोरलीने मनगटाचा वेढा सोडवला. तिथे लाल वळ उठला होता, त्यावर अंगठा फिरवत ती म्हणाली,

"माझ्याकडे आली म्हणून."

बाईंनी अर्जावर तिरपी रेघ मारली, सुतळीच्या पाठीवर एक थाप दिली आणि आत आवाज दिला, "आज नाही, डॉक्टर. पोट भरलंय."

डॉक्टर ओल्या हातांनी बाहेर आले. रागावले नाहीत, त्यांना असे पुष्कळ भेटत असावेत.

"सोमवारी पहिली हिलाच घेतो. जमत नसेल तर एकदम पुढचा महिना. पण मध्ये माजावर आली तर पुन्हा तीन महिने थांबावं लागेल, आणि तोवर फाटक सांभाळणं तुमच्याकडे. बोला, काय करू?"

धाकटीने चिठ्ठी थोरलीच्या हातात दिली.

"तू सांग."

पुढचा महिना. थोरलीच्या डोळ्यांपुढे फाटक आलं, रांग आली, पोतं झटकून केलेलं अंथरूण आलं. एवढं सोपं होतं, दोन शब्दांचं. तिने टेबलावरच्या कुत्रीकडे पाहिलं. सुतळी आपला केस काढलेला पाय चाटत होती आणि मधूनच दोघींकडे आळीपाळीने बघत होती, कुठली आधी उचलते म्हणून.

"सोमवार," थोरली म्हणाली.

घरी दोघी चालतच निघाल्या. सुतळी मध्ये. चौकातल्या नळावर तिला पाणी पाजायला थांबल्या तेव्हा धाकटीने विचारलं,

"सातवं पिल्लू तू ठेवणार होतीस ना?"

थोरलीने नळ बंद केला.

"मला तेव्हाच कळलं होतं. कात्री शेजारी असताना दातांनी दोरा तोडलास." धाकटीने पट्टा तिच्या हातात दिला. "नाव काय ठेवणार होतीस?"

थोरली चालायला लागली. दोन घरं मागे पडली तेव्हा म्हणाली,

"दोरा."

धाकटीला हसू आलं. ते दाबायला तिने तोंडावर हात धरला, पण ते बोटांतून सुटलंच, आणि मग थोरलीच्या ओठांनाही ते लागलं. "हसू नकोस," ती म्हणाली. "चांगलं नाव आहे."

"चांगलंच आहे. सुतळीचा दोरा. वंश बारीक होत चालला असता, एवढंच."

सोमवारी ऑपरेशन झालं. दोघी त्याच बाकावर बसून होत्या. तासाभराने त्या मदतनीस बाई बाहेर आल्या, हातमोजे काढत.

"झालं व्यवस्थित. आता शुद्धीवर येतेय. अशा वेळी घाबरतात, ओळखीचं माणूस जवळ असलेलं बरं. पण आत एकच स्टूल आहे, एकालाच या म्हणते. कोण येतंय?"

थोरली उठलीच होती. अर्धी उठली होती, खरं तर. हात बाकाच्या कडेवर होते. धाकटी जागची हलली नव्हती. ती आपल्या चपलांकडे बघत होती, जसं बोलावणं आपल्याला नसणारच हे माणसाला आधीच माहीत असावं.

थोरली परत खाली बसली. धाकटीची पिशवी तिने ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली.

"तू जा."

"मी? अगं, पण लळा..."

"तू दहा दिवसांची रजा काढली आहेस. जा. थांबवू नकोस बाईंना."

धाकटी गेली. दार लोटलं गेलं, पूर्ण लागलं नाही. थोरली दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन त्या फटीकडे बघत बसली. आत स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मग एक बारीक, ओढलेलं केविलवाणं कण्हणं. थोरलीचे पाय आपोआप जमिनीवर घट्ट झाले, पण ती उठली नाही.

मग आतून धाकटीचा आवाज आला. ती कुत्रीच्या कानाशी वाकलेली असणार, कारण आवाज खालून येत होता.

"आहे गं. बाहेरच आहे ताई. कुठे गेली नाही. बाहेरच बसलीये."

कण्हणं हळूहळू उतरत गेलं. आवाज तेच तेच सांगत राहिला. थोरलीने पिशवीचा बंद सरळ केला, पुन्हा सरळ केला, आणि मग त्याला तसाच राहू दिला.

एवढीच गोष्ट. आता उठण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. त्या मदतनीस बाईंची आठवण ठेवा. नाव मलाही ठाऊक नाही. चिठ्ठी जिच्या हातात होती तिला सगळेच विचारतात. त्यांनी खुर्ची फिरवून दुसरीला विचारलं. आज देवापुढे बसाल तेव्हा स्वतःचं सगळं मागून झालं, की क्षणभर त्यांच्यासाठीही हात जोडलेले असू द्या.